दरवर्षी नवा, दरवर्षी तोच!

इंजिनिअरिंगच्या मुलाच्या आयुष्यात चार गोष्टी दरवर्षी न चुकता येतात. सबमिशन, ओरल, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख (लेट फीसकट) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बाजारात येणारा फुटबॉलचा नवा गेम. पहिल्या तिघांबद्दल आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच. चौथ्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण जे लिहू शकतात ते त्या वेळी खेळत असतात.

हा गेम म्हणजे आपला फिफा. कागदोपत्री आता त्याचं नाव फिफा राहिलेलं नाही. ईए या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' काढला आणि तेव्हापासून जागतिक फुटबॉल संघटनेचं नाव भाड्याने घेऊन दरवर्षी रतीब घातला. २०२२ मध्ये दोघांचं फाटलं. फिफा २३ हा त्या नावाचा ईएचा शेवटचा गेम. २०२३ पासून तोच गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येतो. हॉस्टेलमध्ये मात्र आजही "चल, फिफा टाकू" असंच म्हणतात. "चल, एफसी टाकू" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सध्या आमच्या विंगमध्ये यावरून वाद पेटलाय. विंगमध्ये आम्ही अकरा जण (म्हणजे टीम पूर्ण), एक सेकंडहँड पीएस फोर, फिफा २३ ची एक डिस्क आणि दोन कंट्रोलर. त्यातला एक बिनकंपनीचा, ज्याची स्टिक हात न लावता डावीकडे जाते. प्रस्ताव असा, की जुनी डिस्क दुकानात एक्स्चेंज करायची, वर वर्गणी काढायची आणि नवीन आवृत्ती आणायची. नव्या गेमची किंमत साधारण मेसच्या एका महिन्याच्या बिलाएवढी. मतं पडली पाच विरुद्ध पाच. अकरावं मत माझं. त्यामुळे गेले पंधरा दिवस मला न मागता चहा मिळतोय. मत देण्याआधी एकदा नीट विचार करावा म्हणून हा लेख. (थ्रू बॉलला मराठीत काय म्हणतात, असले प्रश्न विचारू नयेत. कॉन्व्हेंटवाल्याकडून एवढं मराठी मिळतंय हेच खूप समजा.)

आधी चांगलं बोलू. सीनिअर जाताना एक जुना डेस्कटॉप सोडून गेलेत, त्यावर फिफा ०७ आहे. तो लावला की कळतं, या गेमने किती प्रवास केलाय. त्यात खेळाडू आठच दिशांना पळतो. म्हणजे सगळं मैदान ४५ अंशांच्या सेट-स्क्वेअरने आखलेलं! कन्सोलवर फिफा १० मध्ये, म्हणजे २००९ साली, ३६० अंशांचं ड्रिब्लिंग आलं आणि खेळाडू पहिल्यांदा माणसासारखा वळला. फिफा १२ मध्ये बचाव बदलला. त्याआधी एक बटण दाबून धरलं की तुमचा डिफेंडर आपोआप धावत जाऊन समोरच्याचा बॉल काढायचा. आता अंतर राखून उभं राहावं लागतं, समोरच्याचा पाय बघावा लागतो आणि नेमक्या क्षणी मध्ये घुसावं लागतं. क्षण चुकला की गोल. माझ्या मते या सीरिजमधली ही सगळ्यात प्रामाणिक सुधारणा, कारण तिने गेम सोपा न करता अवघड केला. फिफा १६ मध्ये महिलांचे १२ राष्ट्रीय संघ आले. फिफा २२ साठी बावीस खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून खरी मॅच खेळवली आणि त्यावरून हालचाली बनवल्या. शिवाय मैदानं, गाणी, कॉमेंट्री, ड्रेस, सगळं अस्सल. टीव्हीवरची मॅच वाटावी असा देखावा या गेमइतका कोणी उभा करत नाही.

आता वाईट. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, हे फुटबॉल नाही, नुसती पळापळ आहे. वेगवान विंगर घ्या, कॉर्नरपर्यंत पळवा, मागे पास द्या, गोल. परत तेच. आमच्या रूमवर या तक्रारीचे प्रवक्ते म्हणजे माझा रूममेट. तो कोल्हापूरचा. शाहू स्टेडियममध्ये तालमींच्या मॅचेस बघत मोठा झालेला. पाटाकडील की शिवाजी या विषयावर तो जेवण थंड करून बोलू शकतो. त्याचं म्हणणं, "भावा, ह्यात धूळ न्हाई, ढकलाढकली न्हाई, पंच बी चुकत न्हाई. ह्याला फुटबॉल म्हणायचं व्हय?"

मला मात्र वाटतं की या पळापळीमागे कंपनीचा आळस नाही, गणित आहे. फ्लुइड मेकॅनिक्समधलं मॉडेल आणि प्रोटोटाइप आठवा. (कॉम्प्युटरवाल्यांसाठी: मोठ्या जहाजाचं छोटं मॉडेल करून पाण्यात ओढून बघतात.) तिथे अडचण अशी येते, की मॉडेल लहान केलं आणि पाणी तेच ठेवलं, तर रेनॉल्ड्स नंबर आणि फ्राउड नंबर दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत. एक जुळवायला गेलं की दुसरा सुटतो.

फुटबॉल गेमचंही तसंच. खरी मॅच ९० मिनिटांची. ऑनलाइन गेममध्ये सहा-सहा मिनिटांचे दोन हाफ, म्हणजे १२ मिनिटं. स्केल झाला साडेसात. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये ६४ मॅचेसमध्ये १७२ गोल झाले, म्हणजे मॅचमागे सुमारे २.७. याच वेगाने गेममध्ये गोल व्हायचे म्हटले तर १२ मिनिटांत ०.३६ गोल. म्हणजे तीन मॅच खेळल्यावर जेमतेम एक! असा गेम कोण विकत घेईल? तेव्हा गोल तेवढेच हवेत आणि वेळ साडेसातपट कमी, तर काहीतरी कापावंच लागणार. कापला गेला तो मिडफिल्ड. खऱ्या मॅचमध्ये वीस-पंचवीस पास करून, मागे येऊन, परत बाजू बदलून जी वाट काढतात, ती सगळी गेममध्ये टोलनाका नसलेल्या एक्सप्रेसवेसारखी सपाट होते. स्कोअर जुळला, खेळ सुटला.

विशेष म्हणजे २०२५ च्या एफसी २६ मध्ये कंपनीने स्वतःच गेमचे दोन भाग केले. ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी 'कॉम्पिटिटिव्ह', आणि करिअर मोडमध्ये एकट्याने खेळणाऱ्यांसाठी खऱ्या फुटबॉलच्या जवळ जाणारा 'ऑथेंटिक'. एका मॉडेलमध्ये दोन्ही जुळत नाहीत हे मान्य केल्यासारखंच झालं! मला हे पाऊल आवडलं. फक्त १९९३ पासून एवढी वर्षं का लागली, एवढंच विचारावंसं वाटतं.

एक तक्रार मात्र मी अजिबात मान्य करत नाही. ८९ व्या मिनिटाला गोल खाल्ला की प्रत्येक जण कंट्रोलर गादीवर आपटून म्हणतो, "स्क्रिप्टेड आहे!" म्हणजे गेमच ठरवतो कोण जिंकणार. या संशयाला थोडा आधारही आहे. खेळणाऱ्याप्रमाणे अवघडपणा आपोआप बदलायच्या तंत्राचं पेटंट ईएकडे आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात यावरून दावाही दाखल झाला होता. कंपनीने हे तंत्र या गेममध्ये वापरत नसल्याचं सांगितलं आणि २०२१ मध्ये दावा मागे घेतला गेला. आमच्या विंगपुरतं बोलायचं तर ८९ व्या मिनिटाला गोल बसतो, कारण ८८ व्या मिनिटाला आम्ही डिफेंडर पुढे पाठवून दिलेला असतो. त्याला स्क्रिप्ट लागत नाही.

आता नावांबद्दल. माझ्या मते हा गेम दरवर्षी नक्की काय विकतो याचं उत्तर इथे आहे.

त्याच जुन्या डेस्कटॉपवर दुसरा एक गेम आहे, कोनामी या जपानी कंपनीचा प्रो इव्होल्यूशन सॉकर ६, सन २००६. सीनिअर लोक अजून त्याचं नाव काढताना आवाज खाली आणतात. कोनामीकडे बहुतेक इंग्लिश क्लबांचे हक्क नव्हते. त्यामुळे चेल्सीचं नाव 'लंडन एफसी', लिव्हरपूलचं 'मर्सीसाइड रेड'. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये तर रॉबर्टो कार्लोसचा 'रॉबर्टो लार्कोस' झाला होता. एखाद्या गावच्या जत्रेत 'नायके'चे बूट मिळतात तसला प्रकार. पण खेळायला बसा! बॉलला वजन आहे. पास चुकतो तेव्हा तो तुमच्यामुळे चुकलाय हे कळतं. आणि इटलीत खेळणारा ब्राझीलचा आद्रियानो डाव्या पायाने मारतो तेव्हा गोलकीपरने हात काढून घ्यावा हेच बरं. नावं खोटी, खेळ खरा.

म्हणून मी एक टेस्ट काढली आहे. स्क्रीनवरच्या नावांवर मनातल्या मनात हात ठेवा आणि मग खेळा. उरतं काय? पीईएस ६ या टेस्टमध्ये डिस्टिंक्शनने पास. फिफा पास होतो, पण काठावर, आणि वर्ष कोणतं यावर अवलंबून. निन्टेन्डो स्विचसाठी फिफा २० ते फिफा २३ असे सलग चार वर्षं जे गेम आले त्यांचं नावच 'लेगसी एडिशन' होतं. नवे ड्रेस, नवे संघ, आत गेम जुनाच. फिफा २१ च्या वेळी आयजीएन या गेमिंग साइटने आपलं आदल्या वर्षीचंच परीक्षण पुन्हा छापलं. गेमने जर्नल कॉपी केलं, तर एक्झामिनरनेही रिमार्क कॉपी केला! याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

हे चालतं याचं एक कारण म्हणजे समोर कोणी उरलं नाही. पीईएसचं २०२१ मध्ये 'ईफुटबॉल' झालं, फुकट वाटला, पण सुरुवातीला खेळाडूंचे चेहरे असे काही निघाले की लोकांनी स्टीमवर तो तळाला नेऊन ठेवला. नंतर सुधारला, पण ती गाडी गेलीच. ज्या वर्गात टॉपर एकच असतो, तिथे टॉपरही शेवटच्या रात्रीच अभ्यास करतो.

दुसरं कारण पैशांचं. २००९ च्या मार्चमध्ये फिफा ०९ मध्ये 'अल्टिमेट टीम' आली. खेळाडूंचे पत्ते जमवायचे आणि त्यांची टीम करून ऑनलाइन खेळायचं. पत्ते पाकिटात मिळतात. पाकीट खेळून मिळवा, नाहीतर खरे पैसे देऊन घ्या. आत कोण निघेल हे नशीब. कुठल्या प्रकारचा पत्ता निघायची शक्यता किती, हे २०१८ पासून कंपनी छापते, ही चांगली गोष्ट. पण छापलेली टक्केवारी आपल्याला कुठे नीट वाचता येते? समजा एखादा पत्ता निघायची शक्यता एक टक्का आहे. आपल्याला वाटतं, शंभर पाकिटं फोडली की तो मिळणारच. मॅथ्समधलं प्रोबॅबिलिटीचं चॅप्टर काढा. ०.९९ चा शंभरावा घात येतो सुमारे ०.३७. म्हणजे शंभर पाकिटं फोडूनही शंभरातल्या ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. आणि ज्यांच्या हाती लागतं त्यांचाही पत्ता पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा. नव्या गेममध्ये सगळे परत शून्यावर.

बेल्जियमने २०१८ मध्ये अशी पाकिटं म्हणजे जुगार ठरवली आणि जानेवारी २०१९ पासून तिथे पैसे देऊन पाकिटं घ्यायची सोय कंपनीने बंद केली. नेदरलँड्समध्ये एक कोटी युरोचा दंड झाला होता, पण २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने तो रद्द केला. म्हणजे शेजारी शेजारी दोन देश, दोन निकाल. जुगार आहे की नाही ते वकील ठरवतील. मला खेळणारा म्हणून एवढंच दिसतं, की ज्या गेमची कमाई पत्त्यांवर चालते, तो गेम आपली अक्कल पत्त्यांवर खर्च करणार. मग एकट्याने बसून क्लब चालवायचा करिअर मोड वर्षानुवर्षं अडगळीत पडतो. आमच्या विंगला पत्त्यांचा नाद लागला नाही याचं श्रेय संयमाला नाही. हॉस्टेलच्या वायफायवर ऑनलाइन मॅच लागतच नाही.

इथवर वाचून वाटेल, की नावं म्हणजे सगळी फसवणूक. मलाही तसंच वाटत होतं. पण २०२१ मध्ये फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली. संघांच्या यादीत खाली खाली जाताना मुंबई सिटी दिसली, एफसी गोवा दिसली. रेटिंग बघून हसू यावं असं. पण विंगमधल्या प्रत्येकाने, अगदी बार्सिलोनावाल्यानेही, एकदा तरी ती टीम घेऊन चार-शून्यने मार खाल्लाय. कशासाठी? तर आपलं नाव तिथे होतं म्हणून. त्या नावाला काही किंमत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि रूममेटचं काय झालं ते ऐका. गेमला सतत नावं ठेवणारा हा माणूस एका रात्री पाणी प्यायला उठलो तर टीव्हीसमोर एकटा बसलेला. फिफा २२ पासून करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब बनवता येतो. कुठल्याही लीगमधला एक क्लब काढायचा आणि त्या जागी आपला घालायचा. याने इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनमधला एक बिचारा क्लब उडवला आणि त्याच्या पेठेतल्या तालमीचं नाव रोमन अक्षरांत तिथे टाकलं. ड्रेसचा रंग जुळवला. बोधचिन्हं मात्र गेमने दिलेल्यांतूनच निवडायची असतात, त्यात तालमीचं कुठून असणार? शेवटी त्यातल्या त्यात जवळचं घेतलं. खेळाडू गेमने स्वतःच बनवून दिले, जगातल्या कुठल्या कुठल्या आडनावांचे. तो म्हणाला, "पोरं बाहेरची हायत, पर तालीम आपली हाय."

आज ती तालीम सातव्या सीझनमध्ये आहे. दोन डिव्हिजन वर चढली, एक खाली आली, परत चढली. यात एकही पत्ता नाही, एक पैसा खर्च झालेला नाही. बाकीचे झोपले की तो खेळतो. मधूनमधून मला उठवून विचारतो, या लेफ्ट बॅकला विकू का रे, आता पळत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा होता तेव्हा घेतलेला, आता तिशीला आलाय. मी म्हणतो, ठेव. जो खेळ नावांशिवाय काठावर पास होतो असं मी वर लिहिलं, त्याच खेळात बिननावाचे अकरा जण घेऊन माझा मित्र सात सीझन गुंतून पडला. हे त्या गेमचं सगळ्यात मोठं बलस्थान, आणि जाहिरातीत त्याबद्दल एक ओळ नसते.

नवी आवृत्ती आली की करिअर मोडमधली जुनी सेव्ह तिच्यात चालत नाही. आणि डिस्क एक्स्चेंजला गेली की पीएस फोरमध्ये ती सेव्ह असून नसल्यासारखी. म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांच्या वर्गणीत एक तालीमही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. रूममेटनेही नाही. त्याने फक्त 'नको' म्हणून हात वर केला आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "पैसं न्हाईत."

'हो'वाल्यांची बाजूही मांडतो. आमच्या डिस्कमध्ये मेस्सी अजून पॅरिसला आहे. एम्बापे २०२४ मध्ये रेआल माद्रिदला गेला, आमच्याकडे तोही अजून पॅरिसलाच. रात्री खरी मॅच बघायची आणि सकाळी तीन वर्षांपूर्वीचं जग खेळायचं, हे शिळ्या पेपरमधलं शब्दकोडं सोडवल्यासारखं वाटतं, मान्य. पण ज्याची एवढी जाहिरात होते ते हायपरमोशन पीएस फोरच्या आवृत्तीत नसतंच. म्हणजे आमच्या वाट्याला त्या पैशांत मुख्यतः नवी नावं येणार. ती नावं किती पैशांची, एवढाच खरा प्रश्न आहे.

माझं मत 'नको'. या वर्षी तरी. ज्युनिअर मंडळींसाठी साधा हिशोब: हा गेम तीन वर्षांतून एकदा घ्यावा. तीन वर्षांचे छोटे छोटे बदल एकत्र आले की फरक हाताला जाणवतो आणि पैसे वसूल होतात. मधल्या वर्षांत नावं बदलतात, ती पेपरमध्ये फुकट वाचायला मिळतात. पाकिटांना हात लावू नका, लावलाच तर आधी ०.९९ चा घात काढा. आणि एकदा तरी करिअर मोडमध्ये आपल्या गल्लीचा, पेठेचा, गावाचा क्लब काढून बघा.

वर्गणी काढायचीच असेल तर मी पहिला देतो. पण दुसऱ्या कंट्रोलरसाठी. त्या डावीकडे जाणाऱ्या स्टिकमुळे तालमीचा लेफ्ट बॅक गेले दोन सीझन उगाचच ऑफसाइड होतोय, आणि रूममेटला वाटतंय त्याचं वय झालं.